मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर स्वतः कसं काढायचं

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को विमानाने किती लांब, या साध्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त खरी उत्तरं आहेत. भूमितीने येणारं अंतर एक, विमानाने जमिनीवरून प्रत्यक्ष कापलेलं अंतर दुसरं, आणि वारा धरून वैमानिकाच्या हिशेबात येणारं तिसरं. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला पहिला आकडा मात्र कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन काढू शकतो. तो हातात आला की बाकीचे आकडे का वाढतात हे आपोआप उलगडू लागतं. एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये या दोन शहरांमध्ये थेट विमान सुरू केलं, तेव्हा उदाहरण म्हणून हाच मार्ग घेऊ.

आधी कल्पना स्पष्ट हवी. पृथ्वीवरचे दोन बिंदू आणि पृथ्वीचं केंद्र यांतून जाणारं एक सपाट प्रतल कल्पा. ते प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदतं ते बृहद्वृत्त, म्हणजेच विमान कंपन्या ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात ते. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्तं मिळूनही बृहद्वृत्त होतं. बाकीची अक्षवृत्तं मात्र नाहीत, कारण त्यांचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग नेहमी बृहद्वृत्तावरच असतो.

आकडेमोडीआधी दोरा

घरात किंवा शाळेत पृथ्वीगोल असेल तर सुरुवात तिथून करा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्यावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबईवर दोऱ्याचं टोक धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. सैल असताना तो कुठेही पसरतो, पण ताण दिला की सरकत सरकत थेट उत्तरेला, सायबेरियाच्या वर जाऊन बसतो. लांबी जेमतेम ३२ सेंटिमीटर येते. म्हणजे उत्तर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास असणार. पुढे गणितात कुठे चूक झाली तर हाच दोरा सांगेल, म्हणून ही पायरी गाळू नका.

भिंतीवरचा नकाशा इथे दगा देतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबईपासून पश्चिमेकडे, अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडत सरळ रेषा काढली तर ती १९,००० किलोमीटरांहून लांब भरते. तीच पूर्वेकडून, चीन आणि पॅसिफिकवरून काढली तर सुमारे १६,१४०. दोन्ही रेषा कागदावर सरळ दिसतात आणि दोन्ही खऱ्या जवळच्या मार्गापेक्षा हजारो किलोमीटर लांब आहेत. होकायंत्राचा एकच कोन धरून चालायला ती रेषा सोयीची, अंतर मोजायला नाही.

अक्षांश-रेखांश मिळवणं आणि नीट लिहिणं

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. त्याचे अक्षांश-रेखांश विमानतळाच्या माहितीत, विश्वकोशात किंवा नकाशांच्या संकेतस्थळांवर मिळतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळासाठी १९°०५′१९″ उत्तर, ७२°५२′०५″ पूर्व धरू. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ३७°३७′०८″ उत्तर, १२२°२२′३०″ पश्चिम.

आता हे दशांशात आणायचं. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागायचं आणि अंशांत मिळवायचं. मुंबईचा अक्षांश: १९ + ५÷६० + १९÷३६०० = १९ + ०.०८३३ + ०.००५३ = १९.०८८६. याच रीतीने मुंबईचा रेखांश ७२.८६८१, सॅन फ्रान्सिस्कोचे ३७.६१८९ आणि १२२.३७५०. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे, म्हणून शेवटचा आकडा −१२२.३७५०.

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. ३७ अंश ३७ मिनिटं म्हणजे ३७.३७ नव्हे. तसं लिहिलं तर विमानतळ सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. पश्चिमेचं उणे चिन्ह विसरलं तर विमान भलत्याच खंडात उतरतं. त्यामानाने नेमका कोणता संदर्भबिंदू घेतला याने फारसं बिघडत नाही. मुंबईऐवजी नवी मुंबईचा विमानतळ धरला तरी या मार्गावर फरक पडतो जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा.

रेखांशांतला फरक

−१२२.३७५० मधून ७२.८६८१ वजा केले की −१९५.२४३१ येतात. चिन्ह सोडून द्या. फरक १८० पेक्षा जास्त आला तर ३६० मधून वजा करायचा: ३६० − १९५.२४३१ = १६४.७५६९ अंश. पृथ्वीला वळसा घालायला दोन बाजू आहेत आणि त्यातली जवळची बाजू पूर्वेची आहे, एवढाच याचा अर्थ. ही वजाबाकी विसरली तरी अंतर बरोबरच येतं, कारण दोन्ही कोनांचं कोसाइन सारखं असतं. पण मार्ग नकाशावर काढायचा असेल तर दिशा उलटी होईल.

आता इथेच, सूत्राला हात लावायच्या आधी, एक तोंडी पडताळा घेता येतो आणि तो मला फार आवडतो. फरक १८० च्या बराच जवळ आहे, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत. अगदी समोरासमोर असती तर जवळचा मार्ग थेट उत्तर ध्रुवावरून गेला असता. मुंबई ते ध्रुव: ९० − १९.०८८६ = ७०.९११४ अंश. ध्रुव ते सॅन फ्रान्सिस्को: ९० − ३७.६१८९ = ५२.३८११ अंश. बेरीज १२३.२९२५. खरं उत्तर याहून थोडं कमी यायला हवं. जास्त आलं किंवा फारच कमी आलं तर सूत्रात नक्की काहीतरी चुकलं.

मुख्य सूत्र

दोन अक्षांशांना अ१ आणि अ२ म्हणू, रेखांशांतल्या फरकाला र, आणि पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाला क. मग

कोसाइन(क) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(र)

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणं दिसतात. तो अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) हे आधी तपासा. साइन ३० चं उत्तर ०.५ आलं तर अंशांवर आहे.

साइन १९.०८८६ = ०.३२७०३
साइन ३७.६१८९ = ०.६१०४१
कोसाइन १९.०८८६ = ०.९४५०१
कोसाइन ३७.६१८९ = ०.७९२०९
कोसाइन १६४.७५६९ = −०.९६४८२

पहिला गुणाकार ०.३२७०३ × ०.६१०४१ = ०.१९९६२. दुसरा ०.९४५०१ × ०.७९२०९ × (−०.९६४८२) = −०.७२२२०. बेरीज −०.५२२५८. याचा व्यस्त कोसाइन, म्हणजे ज्याचं कोसाइन एवढं येतं तो कोन, घ्या (cos⁻¹ चं बटण): १२१.५०५ अंश. उणे संख्येचा व्यस्त कोसाइन ९० पेक्षा मोठा येतो, तेव्हा बिचकू नका. १२३.२९ पेक्षा थोडा कमी, म्हणजे पडताळा जमला.

शेवटची पायरी कोनाचे किलोमीटर करण्याची. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर घेर सुमारे ४०,०३० आणि एका अंशाला १११.१९५ किलोमीटर. १२१.५०५ × १११.१९५ = १३,५११ किलोमीटर. वैमानिकांच्या सागरी मैलांत हवं असेल तर आणखी सोपं: एका अंशाला ६० सागरी मैल या जुन्या हिशेबाने सुमारे ७,२९०. आणि पृथ्वीवर कुठल्याही दोन विमानतळांमधलं बृहद्वृत्तीय अंतर अर्ध्या घेरापेक्षा, म्हणजे साधारण २०,०१५ किलोमीटरांपेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यावर काही आलं तर तो आकडा या प्रकारचा नाही.

स्प्रेडशीटमध्ये हेच करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथली त्रिकोणमितीची फंक्शनं रेडियन मागतात. प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलायचा आणि व्यस्त कोसाइनचं उत्तर थेट ६,३७१ ने गुणायचं. एकदा तक्ता बनवून ठेवला की फक्त चार आकडे बदलले तरी काम होतं. सरावासाठी बंगळूरु घ्या: १३.१९७९ उत्तर, ७७.७०६३ पूर्व. तिथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,९९० किलोमीटर यायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सर्व-महिला वैमानिक चमूने, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, ते याच दोन शहरांमध्ये.

हेच सूत्र मुंबई-पुण्याला लावू नका. तिथे कोन एक अंशाच्या थोडा वर आहे आणि त्याचं कोसाइन ०.९९९८ च्या घरात येतं. चौथ्या स्थानावरचा एक अंक इकडचा तिकडे झाला तर उत्तर ९० किलोमीटरही येईल, १२७ही आणि १५६ही. जवळच्या अंतरासाठी हॅव्हरसाइन नावाचं याच भूमितीचं दुसरं रूप वापरतात, त्यात ही अडचण नाही. दूरच्या विमानतळांना कोसाइनचं सूत्र पुरेसं आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, याचं काय? विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आहे, ध्रुवाशी ६,३५६.७५२. हा चपटेपणा धरून केलेल्या गणितात आणि आपल्या गोलाच्या गणितात सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत फरक राहतो. आपल्या मार्गावर तो फार तर ६५-७० किलोमीटर. नेमकेपणा हवा असेल त्यांनी १९७५ ची विन्सेंटी यांची पद्धत किंवा २०१३ ची कार्नी यांची पद्धत वापरणारं साधन घ्यावं. पृथ्वीच्या अगदी विरुद्ध टोकांच्या ठिकाणांसाठी विन्सेंटी पद्धत कधीकधी अडकते, कार्नी यांची अडकत नाही.

मार्ग कुठून जातो

नुसता आकडा काढून थांबलात तर अर्धा आनंद हुकेल. मुंबईहून निघताना नाक कुठे असेल ते एका भागाकारात मिळतं: साइन(दिशाकोन) = साइन(र) × कोसाइन(अ२) ÷ साइन(क). म्हणजे ०.२६२९२ × ०.७९२०९ ÷ ०.८५२५९ = ०.२४४२७, आणि दिशाकोन १४.१ अंश. उत्तरेपासून जेमतेम चौदा अंश पूर्वेला. याच साइनचा दुसरा कोन १६५.९ आहे, पण तो दक्षिणेकडे नेतो. दोरा उत्तरेला गेला होता, म्हणून चौदाच घ्यायचा.

मार्ग जास्तीत जास्त किती उत्तरेला पोचतो तेही लगेच येतं: ०.२४४२७ ला मुंबईच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणा, ०.२३०८४ येतं, त्याचा व्यस्त कोसाइन ७६.६५ अंश.

या दोन आकड्यांवरून पूर्ण रेषा मांडली तर ती अशी धावते. मुंबईहून निघून राजस्थानात भिलवाड्यावरून, मग हरियाणात हिसारवरून, लुधियाना आणि चंदीगड यांच्या मधून, आणि लेहच्या अगदी शेजारून काराकोरम खिंडीकडे. पुढे चीनच्या शिनच्यांगमधलं अक्सू, कझाकस्तानची पूर्व कड, सायबेरियातलं नोव्होकुझ्नेत्स्क. मार्गाचा मध्यबिंदू लाप्तेव्ह समुद्रात, लेना नदीच्या मुखाच्या पश्चिमेला पडतो. सगळ्यात उत्तरेचं टोक पूर्व सायबेरियन समुद्रातल्या जीनेट या छोट्या बर्फाळ बेटापाशी. तिथून रेषा खाली वळते, अलास्काच्या उत्तर टोकाच्या उत्कियागविक गावाजवळून आत शिरते, जुनोवरून बाहेर पडते आणि कॅनडाच्या किनाऱ्याला समांतर उतरत सॅन फ्रान्सिस्कोला टेकते. या रेषेवर पाकिस्तान नाही, युरोप नाही, जपान नाही आणि पॅसिफिकचा मोठा पसाराही नाही.

प्रत्यक्ष विमान या रेषेवरून का जात नाही

पहिली अडचण लेहपाशीच उभी राहते. विमानातल्या केबिनचा दाब गेला तर वैमानिकाला पटकन साधारण १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत काही मिनिटांपुरताच असतो. लेहचा विमानतळ स्वतःच १०,६०० फुटांच्या वर आहे. काराकोरम खिंड साडेपाच हजार मीटरवर, आणि आजूबाजूची शिखरं तिच्याही वर. उतरायला जागाच नाही. म्हणून हिमालय, काराकोरम आणि तिबेटच्या पठारावरून लांब पल्ल्याची विमानं सहसा नेत नाहीत. काही ठरावीक मार्गांवरून नेलीच तर निसटण्याच्या वाटा आधी आखलेल्या असतात.

दुसरी अडचण उत्तरेची. दोन इंजिनांच्या विमानाला प्रत्येक क्षणी ठरावीक वेळेच्या आत पोचता येईल असा पर्यायी विमानतळ लागतो. आर्क्टिकच्या काठावर असे विमानतळ मोजकेच. जेट ए-१ इंधन −४७ अंश सेल्सियसला गोठू लागतं, त्यामुळे टाकीतल्या तापमानावर सतत नजर ठेवावी लागते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेतल्या मगदानला उतरलं आणि प्रवाशांसाठी दुसरं विमान पाठवावं लागलं. दूरचा मार्ग आखताना पर्यायी विमानतळाचा विचार किती खरा असतो हे त्यावरून कळतं.

तिसरी, आणि दिवसेंदिवस मोठी होणारी अडचण बंद आकाशांची. २०२२ पासून अमेरिका आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. आपल्या रेषेवर पाकिस्तान नसला तरी दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या रेषा थेट त्याच्यावरूनच जातात.

आणि मग वारा. उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह कधीकधी ताशी २०० किलोमीटरांच्या वर जातात. याचं उत्तम उदाहरण दिल्लीचंच आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को बृहद्वृत्ताने सुमारे १२,३८० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं: साधारण १३,९०० किलोमीटर आणि साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ घटून साडेचौदा तास. भागाकार करून पाहा. आधीचा सरासरी वेग ताशी ८४२ किलोमीटर, नंतरचा १,०५५. चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास लवकर, कारण वारा पाठीशी होता. म्हणून विमान कंपनी जमिनीवरचं नव्हे तर हवेतलं अंतर मोजते आणि सगळ्यात कमी वेळ व इंधन लागेल तो मार्ग त्या दिवसाच्या वाऱ्यावरून ठरवते.

वेळेचा अंदाज तुम्हीही बांधू शकता. लांब पल्ल्याच्या जेट विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. १३,५११ ला भागलं की १५ तास. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. सरासरी १०० चा वारा पाठीशी असेल तर १५ चे साडेतेरा होतात, समोरून असेल तर जवळपास सतरा. जाताना आणि येताना एवढा फरक का पडतो याचं उत्तर या दोन भागाकारांत आहे. वळशासाठी म्हणून पाच-दहा टक्के अंतर वाढवलं की आकडा वेळापत्रकाच्या आणखी जवळ जातो.

भूमितीचा मूळ आकडा तरीही कामाचा राहतो, कारण नियमांत तोच वापरतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात बृहद्वृत्तीय अंतर घेऊन त्यात वळशांपोटी ठरावीक भर टाकतात: ५५० किलोमीटरांच्या आत ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांब असेल तर १२५. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर मिळणारी भरपाई अंतरावरून ठरते, आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किलोमीटरांच्या. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमहून मुंबईला येणारा प्रवास ३,५०० च्या कितीतरी वर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर बसतो. एकाच तिकिटावर मध्ये विमान बदललं असेल तर पहिलं निघण्याचं ठिकाण आणि शेवटचं पोचण्याचं ठिकाण यांच्यामधलं थेट अंतर धरतात. अर्ज करताना वरच्या रीतीने आकडा काढून तो अर्जातच लिहावा.